घडीची ट्रेडमिल घेण्याआधी आठवडाभर वर्तमानपत्रं अंथरा

पत्र: ताई, नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, वय ४३, शाळेत शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेचा आकडा) ६.१ निघालं. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) करून घेतली, ती चांगली आली. आता रोज अर्धा तास भरभर चाला म्हणतात. पण सकाळी सातची शाळा, संध्याकाळी स्टेशनकडच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि पावसाळ्यात तर चार महिने चालणं बंदच. घडीची एक ट्रेडमिल पाहून ठेवली आहे. किंमत १८,९९९ रुपये, '४ एचपी पीक' मोटर, वेग ताशी १२ किलोमीटरपर्यंत, वजनमर्यादा १०० किलो, पट्टा ११० बाय ४० सेंटिमीटर. माझं वजन ६८, यांचं ९२ आणि उंची पाच फूट नऊ. यांना पळायचं आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या, त्यांना जुना मधुमेह. दिरांचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर आमच्याकडेच असतो. वन बीएचके, हॉल १० बाय १४ फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घ्यावी का?

उत्तर: नमस्कार.

तुम्ही मापं, वजनं, घरातली माणसं सगळं नीट लिहिलंत, त्यामुळे मलाही मोघम बोलायची गरज नाही. तुमच्या चालण्यासाठी अशी ट्रेडमिल पुरेल. सासूबाईंना चालेल, पण कोणीतरी शेजारी उभं असतानाच. तुमच्या मिस्टरांच्या पळण्यासाठी मात्र हे मशीन नाही आणि ते त्यांना पैसे भरण्याआधी सांगा. सहा महिन्यांनी मशीनच त्यांना ते सांगेल, आणि तेव्हा दुरुस्तीचा खर्चही सोबत येईल.

मशीनकडे येण्याआधी घराचं बोलू या, कारण माझ्या मते निर्णय तिथेच होतो.

'घडी होते, जागा लागत नाही' या वाक्यावर या मशीन विकल्या जातात. घडी होते हे खरं आहे. पण घडी केलेलं मशीनही पन्नास किलोंच्या आसपास भरतं. ते चाकांवर कलवून लादीवरून ओढायचं, खटका सोडून पट्टा खाली आणायचा, प्लग लावायचा, चालायचं, आणि मग हे सगळं उलट क्रमाने करायचं. पहिले पंधरा दिवस उत्साहात निभावतं. ज्या दिवशी पालकसभा असते आणि घरी यायला सहा वाजतात, त्या दिवशी ते होत नाही. मग दुसऱ्या दिवशीही होत नाही. मी सहा वर्षं घरी ट्रेडमिल वापरते आहे. पहिल्या वर्षी ती घडी करून कपाटाशेजारी उभी असायची, तेव्हा महिन्यातून आठ-दहा दिवस चालणं व्हायचं. पुढे दिवाण विकला आणि त्या जागी ती कायमची उघडी मांडली. त्यानंतर चालणं रोजचं झालं. मशीन तेच होतं आणि मीही तीच होते.

म्हणून माझी विनंती आहे, दुकानात जाण्याआधी एक आठवडा हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरा. या गटातली मशीन उघडल्यावर साधारण १५५ सेंटिमीटर लांब आणि ७० रुंद असतात. नेमकं माप कंपनीच्या पानावरून घ्या. तेवढ्या जागेवर कागद चिकटवा आणि त्याच्या मागे दोन मीटर मोकळी जागा खडूने आखा. ही मागची जागा ऐच्छिक नाही. पाय अडखळला तर पट्टा माणसाला मागे टाकतो. मागे भिंत असेल तर माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात सापडतो आणि कातडी सोलवटून निघते. १५५ अधिक २०० म्हणजे ३५५ सेंटिमीटर. तुमच्या हॉलची दहा फुटांची बाजू ३०५ सेंटिमीटर भरते, म्हणजे तिथे ती बसणारच नाही. चौदा फुटांची बाजू ४२७ भरते, तिथे बसेल. दोन्ही बाजूंना हात-दीड हात मोकळं हवं. मग आठवडाभर त्या कागदाला वळसा घालून घर चालवा. रात्री हॉलमध्ये कोणाची गादी पडते? सासूबाईंचा बाथरूमकडे जायचा रस्ता त्यावरून जातो का? पाहुणे आले तर बसतात कुठे? तुम्ही पत्रात हे लिहिलेलं नाही, पण वन बीएचकेमध्ये खरा प्रश्न गादीचाच असतो. फक्त रात्री गादीपुरती घडी करावी लागणार असेल तर ठीक आहे. दिवसातून दोन-तीनदा उघड-मीट करावी लागणार असेल तर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. आणि गॅलरीत ठेवायचा विचार मनात असेल तर तो सोडा. डोंबिवलीच्या पावसात आणि दमट हवेत बोल्ट गंजतात, इलेक्ट्रॉनिक बोर्ड खराब होतो.

आठवडा निभावला, तर आता मशीन पाहू.

'४ एचपी पीक' या आकड्याने तुम्ही दबून गेला असाल तर साधा हिशेब करा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. चार म्हणजे जवळजवळ ३,००० वॅट, आणि २३० व्होल्टला त्यासाठी १३ ॲम्पिअर लागतील. आता मशीनचा प्लग बघा. तो पंख्या-मिक्सरचा छोटा ६ ॲम्पिअरचा असेल, तर त्यातून कायम मिळू शकणारी वीज १,३८० वॅट, म्हणजे दोन हॉर्सपॉवरही नाही. 'पीक' म्हणजे मोटर क्षणभर गाठू शकते तो आकडा. तासभर सतत देऊ शकते तो आकडा 'कंटिन्युअस' या नावाने असतो. तो छापलेला नसेल तर विचारा, आणि तरी मिळाला नाही तर मशीनवरच्या पत्र्याच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात ते वाचा. चालण्यासाठी दीड ते दोन हॉर्सपॉवर कंटिन्युअस भरपूर झाले. प्लग मोठा असेल तर गीझर-एसीसाठी असतो तसा पॉवर पॉइंट लागेल. एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका आणि इन्व्हर्टरवर तर मुळीच नाही. अर्थिंग नीट आहे का ते वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या. जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यात वायर असेलच असं नाही. वीजबिलाची मात्र काळजी नको. चालताना सरासरी अर्धा किलोवॅट धरला, तरी रोजच्या अर्ध्या तासाला महिन्याचे सात-आठ युनिट होतात.

कमाल वेगाच्या आकड्याचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. माणूस चालणं सोडून पळायला लागतो तो ताशी सातच्या आसपास. तुम्ही पाच ते साडेपाचने चालणार. बारा की चौदा, यासाठी दोन हजार जास्त देऊ नका. पैसे द्यायचेच तर चढासाठी द्या. तुमची स्ट्रेस टेस्ट आठवा. बहुतेक ठिकाणी ती अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने करतात. तिचा पहिला टप्पा फक्त ताशी २.७ किलोमीटरचा असतो, म्हणजे बाजारात भाजी बघत चालण्याचा वेग. पण चढ १० टक्के असतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात, आणि तिसऱ्या टप्प्यात ताशी साडेपाचलाच माणसाला धाप लागते. हृदयाला काम लावायला पळावं लागत नाही, हे त्यातून समजतं. तुमच्या वजनाला सपाटीवर ताशी पाचने अर्धा तास चाललात तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. त्याच वेगाला ५ टक्के चढ दिला की तोच आकडा २०० च्या जवळ जातो, आणि गुडघ्यांना पळण्याचे धक्के बसत नाहीत.

या किमतीत बटणाने चढ बदलणारी मशीन क्वचित मिळते. मागच्या पायाची खुंटी काढून हाताने दोन-तीन पायऱ्या बदलायच्या असतात, ते चालेल. किती टक्के ते दुकानदाराला विचारण्यापेक्षा स्वतः टेपने मोजा. पट्ट्याच्या १०० सेंटिमीटर लांबीला पुढचं टोक मागच्यापेक्षा ५ सेंटिमीटर उंच असेल तर चढ ५ टक्के. आणि चढावर हँडलला लोंबकळू नका. हात टेकले की शरीराचं वजन हातांवर जातं आणि पायांचं काम कमी होतं, पडद्यावर मात्र तेवढ्याच कॅलरी दिसत राहतात. यातली बरीच मशीन तुमचं वजनसुद्धा विचारत नाहीत, तेव्हा त्या कॅलरींवर विसंबू नका. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की वेग बरोबर आहे.

पट्टा. ११० बाय ४० तुमच्या चालण्याला पुरतो. मिस्टरांना पुरणार नाही. पळताना पाऊल मागे लांब जातं. पाच फूट नऊ इंचांच्या माणसाला निदान १३० सेंटिमीटर तरी हवा, नाहीतर ते सतत पुढच्या मोटरच्या झाकणाला पाय लागेल या धास्तीने आखडून पळतील आणि पोटऱ्या धरतील. शिवाय १०० किलोच्या मर्यादेवर ९२ किलोचा माणूस म्हणजे हातचं काहीच राहिलं नाही. मी मर्यादेपासून १५-२० किलो खाली राहायला सांगते. त्यांना यावर अधूनमधून चालायचं असेल तर १२० किलो मर्यादेचं मॉडेल घ्या, थोडे पैसे वाढतील. आणि पळायचंच असेल तर त्यांनी बूट घालून सकाळी सावळाराम महाराज क्रीडासंकुलाकडे जावं. तिसऱ्या मजल्यावर ९२ किलोंची धावती पावलं खालच्या घरात कशी ऐकू जातात, याचाही विचार करा. चालण्याचा आवाज खाली जाड रबरी मॅट टाकली की बराच मरतो, धावण्याचा मरत नाही.

आता मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. तुम्ही अर्धा तास एकदम काढायच्या मागे आहात. ६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, आत गेलेला नाहीत. (५.७ ते ६.४ हा तो उंबरठा.) जेवणानंतर रक्तातली साखर चढते. त्या वेळी पायांचे मोठे स्नायू काम करत असले की ते साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर तेवढं अवलंबून राहावं लागत नाही. म्हणून दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं चालायचं, ताशी साडेतीन-चारने, रमतगमत. घरातल्या ट्रेडमिलचा खरा फायदा हा आहे. जेवून कोणी जिममध्ये जात नाही, आणि रात्री साडेनऊला पावसात रस्त्यावरही उतरत नाही. भरभर चालणं त्याशिवाय, संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्यातले दोन-तीन दिवस हे भरभर चालणं थोडं लांबवलंत की जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याची १५० मिनिटं होतात. तीच संघटना आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगते, आणि तो ट्रेडमिल करून देत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड काढणं, एवढ्यापासून सुरुवात करा.

सासूबाईंबद्दल. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना अनेकदा कमी झालेली असते. बूट चावतोय, फोड आलाय, हे कळत नाही. म्हणून मोजे आणि बंद बूट घालूनच, आणि नंतर तुम्ही स्वतः तळपाय बघायचा. त्या इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर चालताना साखर खाली येऊ शकते, तेव्हा गूळ-साखर हाताशी ठेवा. वेग ताशी दीड-दोन, पाच मिनिटं, दोन्ही हात हँडलवर. हँडल लांब, मागेपर्यंत आलेलं असलं पाहिजे. याच कारणासाठी पलंगाखाली सरकणारं, बिनहँडलचं चपटं वॉकिंग पॅड तुमच्या घरासाठी मी सुचवत नाही, स्वस्त असलं तरी.

आणि तो चार वर्षांचा मुलगा. कृपा करून हे हलकं घेऊ नका. २०२१ च्या मे महिन्यात पेलोटन या कंपनीने अमेरिकेत आपली ट्रेड प्लस ही ट्रेडमिल परत मागवली, कारण एक सहा वर्षांचं मूल तिच्याखाली ओढलं जाऊन दगावलं आणि मुलं, पाळीव प्राणी, वस्तू आत ओढल्या गेल्याच्या सत्तरहून जास्त तक्रारी आल्या. ते मशीन महागातलं होतं. साध्या मशीनचा पट्टाही मुलाची बोटं ओढू शकतो. अशा ट्रेडमिलला दोरीची, बहुधा लाल रंगाची, सेफ्टी की असते. ती काढली की मशीन चालू होत नाही. चालताना तिचा चिमटा कपड्याला लावायचा, आणि उतरल्यावर ती की काढून कपाटात उंच ठेवायची, प्लगही काढायचा. मूल हॉलमध्ये असताना मशीन लावायचंच नाही. दुपारच्या जेवणानंतर तो झोपतो, ती वेळ तुमची. घडी करून उभी ठेवली असेल तेव्हा तिचा अडकवण्याचा खटका पक्का बसलाय ना, हेही रोज बघा. पन्नास किलोंचं लोखंड आहे ते.

शक्यतो प्रत्यक्ष दुकानात जाऊन घ्या, मिस्टरांना बरोबर न्या आणि दोघांनी आपापले बूट घालून दहा-दहा मिनिटं चाला. ते ताशी तीनने चालत असताना, पाऊल पडल्याक्षणी पट्टा किंचित थबकतो का ते पायाला जाणवेल. थबकत असेल तर पट्टा सैल आहे किंवा मोटर वजनाला कमी पडते आहे. हळू वेग आणि जड माणूस ही मोटरची खरी परीक्षा असते, कारण हळू फिरताना तिचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि ती तापते. जळका वास आला तर तिथूनच परत फिरा. सेफ्टी की ओढून मशीन थांबतं का ते करून बघा. मग तुम्ही, दुकानदाराने नव्हे, तीनदा घडी घाला आणि उघडा. पट्टा सावकाश खाली यायला हवा, धाडकन नाही.

दुरुस्तीबद्दल मी माझ्या अनुभवातून सांगते. माझ्या मशीनचा कंट्रोलर बोर्ड चौदाव्या महिन्यात गेला. मोटरची वॉरंटी तीन वर्षांची होती, बोर्डाची एकच वर्षाची. सुटा भाग यायला सात आठवडे लागले, आणि ते सात आठवडे पावसाळ्याचे होते. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करा आणि विचारा: डोंबिवलीत घरी येणारा माणूस आहे का, येण्याचे किती घेतो, आणि बोर्ड, पट्टा, डिस्प्ले यांची वॉरंटी किती. मोटर सहसा टिकते, आधी जातात ते हेच भाग. फोन उचललाच नाही, तर ते मॉडेल यादीतून काढून टाका. वॉरंटीत असूनही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवलेलं हवं.

पट्ट्याखाली तेल घालावं लागतं, हे विकताना बरेचजण सांगत नाहीत. फक्त सिलिकॉन ऑइल. खोबरेल नाही, शिलाई मशीनचं नाही, गंज सोडवायचा स्प्रे तर नाहीच, त्याने पट्टा खराब होतो. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीने, आणि मधल्या काळात पट्ट्याखाली बोटं घालून बघायचं. कोरडं लागलं तर पट्टा कडेने उचलून दोन्ही बाजूंनी आत एक बारीक धार सोडायची आणि पाच मिनिटं हळू चालायचं. पट्टा डावीकडे सरकायला लागला तर मागच्या रोलरचा डावा बोल्ट सोबत आलेल्या ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. उजवीकडे सरकला तर उजवा. पावच फेरा, मग मिनिटभर फिरवून बघायचं.

शेवटचं, ऑनलाइन मागवणार असाल तर 'तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचवणार आणि बसवून देणार' हे आधी लेखी घ्या, निदान मेसेजवर तरी. नाहीतर खोकं खाली गेटवर ठेवून माणूस निघून जातो. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि परत करायची मुदत संपेपर्यंत ते टाकू नका. पॅकिंगशिवाय परत घेत नाहीत. ते दहा-पंधरा दिवस खोकं पलंगामागे उभं राहील, तेव्हा वर्तमानपत्रं अंथराल तेव्हा त्याचीही जागा मोजून ठेवा.